तिरकस गुणाकार बरोबर, तरीही शून्य गुण

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मुलुंडला राहणारे एक वडील लिहितात की त्यांची मुलगी यंदा मराठी माध्यमातून दहावीला आहे. ते स्वतः फोर्टमधल्या एका कार्यालयात नोकरी करतात. घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेआठ वाजतात आणि त्यानंतर जेवणाआधी ते मुलीचा गणिताचा गृहपाठ घेतात. त्रिकोणमितीतले ‘सिद्ध करा’ हे प्रश्न तिला जमत नव्हते, म्हणून त्यांनी तिला आपली शाळेतली पद्धत दाखवली: दोन्ही बाजूंचा तिरकस गुणाकार करायचा आणि दोन्हीकडे सारखेच आले की सिद्ध झाले असे लिहायचे. चाचणीत तिने तसेच लिहिले. तिला तीनपैकी शून्य गुण मिळाले आणि सरांनी शेरा मारला, ‘साध्यच गृहीत धरले आहे’. तेव्हापासून मुलगी वडिलांपाशी बसत नाही. गाईडमधले किंवा गणिताचा फोटो काढल्यावर मोबाइलवर येणारे उत्तर ती वहीत उतरवते. पत्रलेखकाचे प्रश्न असे आहेत: शाळेत जाऊन गुणांबद्दल विचारावे का, या एका प्रकरणासाठी क्लास लावावा का, आणि ‘अशा गणितांत युक्ती सुचावी लागते, ती तिला सुचत नाही’ हे मान्य करून हे प्रश्न सोडून द्यावेत का.

उत्तर

तुम्ही ते उदाहरण आणि मुलीचे उत्तर जसेच्या तसे उतरवून पाठवलेत, हे फार चांगले केलेत, कारण त्यामुळे मला तक्रारीच्या आधी गणिताकडे पाहता आले. इथे कोनाला मी ‘अ’ म्हणते. पाठ्यपुस्तकात त्या जागी थीटा हे अक्षर असते. उदाहरण असे आहे:

सिद्ध करा: कॉस अ / (१ − साइन अ) = (१ + साइन अ) / कॉस अ

तुमच्या मुलीने त्याखाली लिहिले आहे: कॉस अ × कॉस अ = (१ − साइन अ)(१ + साइन अ), म्हणून कॉस²अ = १ − साइन²अ, म्हणून कॉस²अ = कॉस²अ, म्हणून डावी बाजू = उजवी बाजू. यातली एकही क्रिया चुकलेली नाही. गुणाकार बरोबर आहे, वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र बरोबर वापरले आहे, आणि साइन²अ + कॉस²अ = १ ही नित्यसमानताही तिला नेमक्या जागी आठवली आहे. म्हणून शून्य गुण तुम्हाला अन्यायाचे वाटले, हे मला समजते. तरीही सरांचा शेरा चुकलेला नाही. मुलीची आकडेमोड बरोबर आणि सरांचा शेराही बरोबर, हे एकाच वेळी कसे शक्य आहे, ते आधी पाहू. शाळेत जायचे की नाही, हे त्यानंतरच नीट ठरवता येईल.

भूमितीचे प्रमेय लिहिताना तुमची मुलगी पक्ष (जे दिले आहे ते), साध्य (जे सिद्ध करायचे ते), रचना आणि सिद्धता असे मथळे लिहिते. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात हे सिद्ध करायला सांगितले आणि एखाद्या मैत्रिणीने सिद्धतेची पहिलीच ओळ ‘पायालगतचे कोन समान आहेत’ अशी लिहिली, तर तुमची मुलगीच तिला थांबवेल आणि म्हणेल की हे तर साध्य आहे, ते आधीच कसे लिहितेस? त्रिकोणमितीच्या उदाहरणांत हे मथळे लिहायची पद्धत नाही, आणि मला वाटते घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे. मथळे नसले तरी नाते तेच असते. ‘सिद्ध करा’ या शब्दांपुढे समान चिन्हासह छापलेले सगळे विधान हे साध्य असते. तिरकस गुणाकार ही समान असलेल्या दोन राशींवर करायची क्रिया आहे. ती केली, याचा अर्थ पहिल्याच ओळीत त्या दोन्ही बाजू समान आहेत असे तुम्ही धरून चाललात. सरांच्या शेऱ्याचा अर्थ एवढाच आहे.

यावर तुमच्या मनात येणारा प्रश्नही मी ओळखू शकते, कारण वर्गात तो मला दरवर्षी विचारला जाई: ‘पण बाई, शेवटी खरेच विधान आले ना?’ आले. मात्र खोट्या विधानापासून निघूनही खऱ्या विधानापर्यंत पोचता येते. तुमच्याच पद्धतीने पुढचे विधान तपासून पाहा:

साइन अ − कॉस अ = कॉस अ − साइन अ

दोन्ही बाजूंचा वर्ग करा. डावीकडे साइन²अ − २ साइन अ कॉस अ + कॉस²अ, म्हणजे १ − २ साइन अ कॉस अ येते. उजवीकडेही अगदी तेच येते. दोन्ही बाजू सारख्या झाल्या. आता ‘सिद्ध झाले’ असे लिहायचे का? अ = ३०° घेऊन पाहा. साइन ३०° = ०.५ आणि कॉस ३०° सुमारे ०.८६६, म्हणून डावी बाजू −०.३६६ आणि उजवी बाजू +०.३६६ येते. विधान खोटे आहे, तरी त्याच्यापासून निघून आपण एका निर्विवाद खऱ्या ओळीपर्यंत पोचलो, कारण वर्ग करताना ऋण आणि धन यांतला फरक पुसला जातो. हे उदाहरण मुलीला जरूर द्या, आणि देताना ते खोटे आहे हे आधी सांगू नका. तिला ते ‘सिद्ध’ करू द्या, मग ३०° ठेवून पाहायला सांगा. शेऱ्यातल्या चार शब्दांतून तिला जे कळले नाही, ते इथे स्वतःच्या हाताने केल्यावर कळेल.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे. अ = ४५° घेतले तर दोन्ही बाजू शून्य येतात आणि विधान खरे ठरते. म्हणजे एखादा कोन ठेवून विधान जुळले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. एका कोनासाठी जुळले नाही, तर मात्र ते विधान नित्यसमानता नाही हे तिथल्या तिथे ठरते. ‘नित्य’ या शब्दाचा अर्थच असा आहे की ज्या ज्या कोनासाठी दोन्ही बाजूंना अर्थ आहे, त्या प्रत्येक कोनासाठी त्या समान असल्या पाहिजेत.

तुम्ही शिकवलेली पद्धत तुम्हाला स्वाभाविक वाटते, यात तुमचा दोष नाही. समीकरणे सोडवताना आपण सगळे असेच वागतो. ‘सोडवा’ असे म्हटले की आपण समान चिन्ह खरे धरतो, दोन्ही बाजूंवर क्रिया करत जातो, चलाची किंमत काढतो आणि शेवटी ती किंमत मूळ समीकरणात ठेवून ताळा पाहतो. तो ताळाच आपल्या धरून चालण्याला आधार देतो. ‘सिद्ध करा’ या प्रश्नात शेवटी कोणतीही एक किंमत हाती येत नाही, त्यामुळे ताळा पाहायची सोय राहत नाही, आणि आधी धरलेले विधान तसेच अधांतरी राहते. आठवीपासून सोडवण्याची सवय झालेल्या मुलांना दहावीत अचानक सिद्ध करायला सांगितले जाते, आणि या दोन क्रियापदांतला फरक फारसा कोणी सांगत नाही. मीही माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत तो सांगत नव्हते.

आता तुमच्या मुलीच्या उत्तराकडे परत येऊ, कारण ते फुकट गेलेले नाही. तिच्या ओळी खालून वर वाचा. सुरुवात कॉस²अ = १ − साइन²अ या ओळीपासून करा; ही नित्यसमानता आधीच सिद्ध केलेली आहे, म्हणजे हा पक्ष झाला. उजव्या बाजूचे अवयव पाडा: कॉस अ × कॉस अ = (१ − साइन अ)(१ + साइन अ). आता दोन्ही बाजूंना कॉस अ × (१ − साइन अ) या गुणाकाराने भागा. कोन लघुकोन असल्यामुळे कॉस अ शून्य नाही आणि १ − साइन अ हेही शून्य नाही, म्हणून हा भागाकार करता येतो. डावीकडे कॉस अ / (१ − साइन अ) उरते, उजवीकडे (१ + साइन अ) / कॉस अ उरते. ही निर्दोष सिद्धता आहे. तिच्या प्रत्येक पायरीवरून मागे येता येते, म्हणून तिची वाट उलट दिशेने चालता आली. वर्ग करण्याच्या उदाहरणात मागे येता येत नव्हते, म्हणून ती वाट फसवी ठरली. मुलीने जे पक्क्या वहीत लिहिले, ते खरे तर रफ वहीतले काम होते. रफ वहीत साध्यापासून मागे चालत जाणे हा उत्तम शोध असतो. पक्क्या वहीत तीच वाट पक्षापासून साध्याकडे लिहावी लागते.

आपल्याकडच्या जुन्या गणितात या दुसऱ्या कामाला उपपत्ती म्हणत. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या लीलावती या भागात नियम आणि उदाहरणे आहेत. त्यावर मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये बुद्धिविलासिनी ही टीका, म्हणजे भाष्य, लिहिली आणि त्या नियमांच्या उपपत्ती दिल्या. नियम शेकडो वर्षे वापरात होते आणि उत्तरे बरोबर येत होती, तरी ते का बरोबर येतात हे लिहून ठेवण्याची गरज मुंबईच्या दक्षिणेला समुद्रकाठी राहणाऱ्या एका ज्योतिर्विदाला वाटली. तुमच्या मुलीकडून सर त्याच परंपरेतली एक छोटी गोष्ट मागत आहेत, असे मला मनापासून वाटते.

ज्या नित्यसमानतेवर हे सगळे उभे आहे, तिचा उपयोगही मुलीला सांगा, कारण ‘हे करून काय मिळते’ हा प्रश्न तिच्या मनात असणारच. आर्यभटांनी ४९९ मध्ये ‘ज्या’चे, म्हणजे आजच्या साइनच्या जुन्या रूपाचे, जे कोष्टक दिले, त्यात त्रिज्या ३४३८ धरलेली आहे आणि कोन ३° ४५′ च्या अंतराने २४ टप्प्यांत आहेत. ‘ज्या’ माहीत असली की ‘कोटिज्या’ (कॉसचे जुने रूप) काढायला त्रिज्येच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ घ्यायचे. त्रिज्या १ धरली, तर हेच साइन²अ + कॉस²अ = १ होय. ‘साइन’ हा शब्दही ‘ज्या’ या शब्दाच्या अरबी रूपाचा लॅटिनमध्ये चुकीचा अर्थ लावला गेल्यामुळे आला आहे. आपलाच शब्द लांबचा प्रवास करून पाठ्यपुस्तकात परत आला, हे ऐकल्यावर माझ्या वर्गातल्या मुलांचे चेहरे उजळत.

आता युक्तीबद्दल. तुमच्या पत्रातले ‘युक्ती सुचावी लागते’ हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले, कारण गुणांपेक्षा ते मुलीचे अधिक नुकसान करील. गाईडमध्ये या उदाहरणाचे उत्तर असे असते: डाव्या बाजूच्या अंशाला आणि छेदाला (१ + साइन अ) ने गुणा, छेदात १ − साइन²अ म्हणजे कॉस²अ येते, एक कॉस अ दोन्हीकडून जातो आणि (१ + साइन अ) / कॉस अ उरते. हे वाचणाऱ्याला वाटते की (१ + साइन अ) कुठून तरी आकाशातून पडले. ते कुठून आले याला दोन साधी उत्तरे आहेत. पहिले असे की आपल्याला जिथे जायचे आहे त्या उजव्या बाजूच्या अंशात (१ + साइन अ) छापलेलेच आहे, म्हणून ते डावीकडे आणणे भाग आहे. दुसरे असे की तुमच्या मुलीने हे नववीत केले आहे. छेदात √५ − √३ असेल, तर छेदाचे परिमेयीकरण करण्यासाठी ती अंशाला आणि छेदाला √५ + √३ या अनुबद्ध राशीने गुणते. तिथे वर्ग झाल्यावर करणी नाहीशी होते, इथे वर्ग झाल्यावर नित्यसमानता लागू होते. वेगळ्या प्रकरणात भेटल्यामुळे तिला जुनी ओळख पटली नाही, एवढेच झाले आहे.

हे उदाहरण काटकोन त्रिकोणात उतरवून दाखवले, तर कदाचित युक्तीची गरजच उरणार नाही. कोनाची संमुख बाजू ३, लगतची बाजू ४ आणि कर्ण ५ घ्या. साइन अ = ३/५ आणि कॉस अ = ४/५. अंश आणि छेद ५ ने गुणले की डावी बाजू ४ / (५ − ३) म्हणजे २ होते, आणि उजवी बाजू (५ + ३) / ४ म्हणजे २ च होते. संमुख ५, लगतची १२ आणि कर्ण १३ घेतले, तर १२ / (१३ − ५) आणि (१३ + ५) / १२ हे दोन्ही दीड येतात. आता संख्यांऐवजी शब्द ठेवा: लगतची बाजू भागिले (कर्ण − संमुख) आणि (कर्ण + संमुख) भागिले लगतची बाजू. हे दोन अपूर्णांक समान असणे म्हणजे लगतच्या बाजूचा वर्ग = कर्णाचा वर्ग − संमुख बाजूचा वर्ग, म्हणजे पायथागोरसचे प्रमेय. अशी चित्रे काढल्यावर मुलांना पहिल्यांदा जाणवते की साइन, कॉस ही नुसती अक्षरे नसून त्यांच्यामागे एक त्रिकोण उभा आहे. मी असते तर या प्रकरणाचा पहिला आठवडा एकही नित्यसमानता सिद्ध न करता फक्त अशी चित्रे काढण्यात घालवला असता.

सगळीच उदाहरणे अनुबद्ध राशीने सुटत नाहीत. अडखळले की सगळे साइन आणि कॉसमध्ये बदलायचे, असा एक सल्ला सर्रास दिला जातो. तो वाईट नाही, पण त्याआधी राशीकडे थोडा वेळ नुसते पाहण्याची सवय लावावी. उदाहरणार्थ, सेक⁴अ − टॅन⁴अ = १ + २ टॅन²अ हे सिद्ध करायचे आहे. इथे लगेच साइन-कॉसमध्ये उतरले तर मोठे छेद आणि चौथे घात हाताळत बसावे लागते. त्याऐवजी डावी बाजू ही दोन वर्गांची वजाबाकी आहे हे पाहिले, तर तिचे अवयव (सेक²अ − टॅन²अ)(सेक²अ + टॅन²अ) होतात. पहिला अवयव १ आहे, आणि दुसऱ्यात सेक²अ च्या जागी १ + टॅन²अ लिहिले की १ + २ टॅन²अ मिळते. दोन ओळींत काम झाले. इथे उपयोगी पडली ती आठवी-नववीच्या बीजगणितातली अवयव पाडण्याची सवय. ‘त्रिकोणमिती जमत नाही’ असे म्हणणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांहून अधिक मुलांचे अडणे अवयवांत किंवा अपूर्णांकांच्या बेरजेत असते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. तुमच्या मुलीचेही तिथे काही अडते का, हे एकदा शांतपणे तपासा.

लिहिताना एकच नियम मी आग्रहाने सांगेन. एका वेळी एकच बाजू घ्यावी, शक्यतो जास्त गुंतागुंतीची, आणि ती बदलत बदलत दुसऱ्या बाजूपर्यंत न्यावी. ते जमले नाही, तर डावी बाजू स्वतंत्रपणे सोपी करावी, उजवी बाजू स्वतंत्रपणे सोपी करावी आणि दोन्ही एकाच राशीपाशी पोचल्या की थांबावे. हेही पूर्णपणे ग्राह्य आहे, कारण यात साध्य कुठेही धरलेले नसते. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात कारण लिहावे, जसे ‘कारण १ + टॅन²अ = सेक²अ’. कारण लिहायचे म्हटले की (साइन अ + कॉस अ)² च्या जागी घाईने १ लिहिण्याची चूक आपोआप थांबते, कारण मधले २ साइन अ कॉस अ कुठे गेले याचे कारण देता येत नाही. कोन न लिहिता नुसते ‘साइन’ किंवा ‘कॉस’ लिहिण्याची सवयही मोडावी. कोनाशिवाय त्या शब्दांना किंमत नाही.

शाळेत जावे का? गुणांसाठी जाऊ नका. चाचणीतले तीन गुण परत मिळाले तरी मुलीच्या हाती काही लागणार नाही, आणि वडील विरुद्ध सर अशा वादात तिला दोघांपैकी एकावरचा विश्वास सोडावा लागेल. मात्र तिने स्वतः सरांकडे जावे, असे मला वाटते. तेच उदाहरण तिने दोन प्रकारे पुन्हा लिहावे, एकदा डाव्या बाजूपासून अनुबद्ध राशीने आणि एकदा आपलेच जुने उत्तर पक्षापासून उलट मांडून, आणि सरांना एवढेच विचारावे की ही दुसरी मांडणी परीक्षेत चालेल का. पन्नास-साठ उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाला प्रत्येकीवर सविस्तर लिहिता येत नाही हे मी जाणते, तरी चार शब्दांच्या शेऱ्यापुढे एक ओळ स्पष्टीकरण हवे होते, असेही माझे मत आहे. मुलीने नम्रपणे विचारले की ते स्पष्टीकरण तिला मिळण्याची वाट मोकळी होते. आणि सर ‘परीक्षेत एका बाजूपासूनच लिही’ असे म्हणाले, तर तिने ते ऐकावे. बोर्डाच्या भूमितीच्या ४० गुणांच्या पेपरला दोन तास असतात, आणि परीक्षकाला एका नजरेत कळेल अशी मांडणी तिच्याच फायद्याची आहे.

क्लासबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एवढ्या कारणासाठी आत्ता नको. गणित भाग २ मधल्या, म्हणजे भूमितीच्या पुस्तकातल्या, सात प्रकरणांपैकी हे एक प्रकरण आहे, आणि तुमच्या मुलीला मूलभूत क्रिया येतात हे तिच्या उत्तरावरूनच दिसते. क्लासमध्ये तिला आणखी पन्नास सोडवलेली उदाहरणे मिळतील. उदाहरणांची तिला उणीव नाही. उणीव आहे ती अडून बसण्यासाठी मिळणाऱ्या वेळेची. ज्या घरात गणित घेणारे कोणीच नाही, किंवा अपूर्णांक आणि अवयव यांतच मूल मागे पडले आहे, तिथे क्लास लावणे योग्य ठरते. पण तिथेही फळ्यावरून उतरवून घ्यायला लावतात की मुलाला स्वतः लिहू देतात, हे एक दिवस बसून पाहावे.

गाईड आणि मोबाइल काढून घेऊ नका, पण त्यांच्यात काय नसते हे मुलीला दाखवा. छापील उत्तर नेहमी पक्क्या वहीतले काम असते. ते लिहिणाऱ्याने रफ कागदावर किती वाटा चालून पाहिल्या आणि सोडून दिल्या, हे त्यात उरत नाही, आणि म्हणूनच ते उत्तर वाचणाऱ्याला जादूसारखे वाटते. आधी पंधरा मिनिटे स्वतः प्रयत्न करावा, मग उत्तरावर कागद ठेवून एकच ओळ उघडावी, तेवढ्याने पुढची वाट दिसली की पुन्हा झाकावे, आणि दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण काहीही न पाहता लिहावे. उतरवून काढलेल्या वीस गणितांपेक्षा अशी तीन गणिते अधिक शिकवतात.

शेवटी तुमच्या आणि तिच्या बसण्याविषयी. तुमच्या पत्रात ‘मी तिला दाखवतो’ हे शब्द तीन ठिकाणी आले आहेत. दिवसभराच्या कामानंतर आणि लोकलच्या गर्दीनंतर तुम्ही मुलीच्या गणितासाठी बसता, यामागची माया मला दिसते, आणि थकलेल्या माणसाला दाखवून मोकळे होणे सोपे वाटते हेही खरे आहे. तरी काही दिवस दाखवणे बंद करून फक्त विचारा: ‘आपल्याला कुठे जायचे आहे?’, ‘या ओळीतून पुढची ओळ कशी आली?’, ‘इथून मागे येता येईल का?’ हे प्रश्न विचारायला त्रिकोणमिती यावी लागत नाही, त्यामुळे ज्या आई-वडिलांचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही त्यांनाही ते विचारता येतील. पण त्याआधी तिला एक गोष्ट सांगा: ‘माझी पद्धत रफ कामापुरती बरोबर होती, लिहिण्याचा क्रम मी चुकीचा सांगितला.’ ती तुमच्यापासून दूर बसते ती गणितामुळे नाही. बाबांनी सांगितले ते लिहिले आणि वर्गात शून्य मिळाले, याचे तिला दुःख आहे, आणि ते तुमच्या तोंडून मान्य झालेले तिला हवे असेल.

मग येत्या रविवारी सकाळी, जेव्हा गाडी पकडायची नसेल, तेव्हा दोघांनी वेगवेगळ्या वहीत हे एक उदाहरण सोडवा:

टॅन²अ − साइन²अ = टॅन²अ × साइन²अ

दोन राशींची वजाबाकी आणि त्यांचाच गुणाकार समान असावा, हे पहिल्यांदा खरे वाटत नाही, म्हणून आधी ४५° ठेवून पाहा: १ − १/२ आणि १ × १/२. मग ३०° आणि ६०° ठेवून पाहा, आणि एवढ्याने ते सिद्ध का होत नाही हे तिला तुम्हाला सांगू द्या. त्यानंतर लिहायला बसा. ती डाव्या बाजूतून साइन²अ सामाईक काढील, तुम्ही कदाचित दोन्ही बाजू वेगवेगळ्या सोडवून साइन⁴अ / कॉस²अ पर्यंत पोचाल. लिहून झाले की दोन्ही वह्या शेजारी ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढचे कारण एकमेकांना वाचून दाखवा. जिथे कारण सापडणार नाही, तिथे पुन्हा रफ वही उघडा.